तिसरा उमेदवार

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, कुठेही उभे राहिले तरी लोक त्यांनाच मोठा माणूस समजायचे. ताई दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत काम करते. तिला घ्यायला हे गेले की पेशंटांचे नातेवाईक यांच्यापुढे रिपोर्ट धरायचे. माझं चष्म्याचं दुकान आहे. भाऊजी सहज गप्पा मारायला येऊन बसले, तरी गिऱ्हाईक मला सोडून त्यांना विचारायचं, "ही फ्रेम शोभते का हो?" त्यांनी मान हलवली की मुकाट्यानं पाकीट निघायचं. उंच अंगलोट, ताठ पाठ, भरघोस मिशी, आणि आवाज असा की पुटपुटले तरी आतल्या खोलीत ऐकू यावं. "तुझ्या नवऱ्याला आवाज कमी करायचं बटण नाही का गं?" असं मी ताईला चिडवायचो. ती म्हणायची, "होतं रे, पण मी लग्न करून येईपर्यंत बिघडलं होतं."

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते गोदामप्रमुख होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथेच काढली. मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी निरोप धाडला, "आम्हाला सगळ्यांची ओळख करून घ्यायची आहे." एक तरुण माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि एकेकाला बोलावून गप्पा मारू लागला. भाऊजींना वाटलं, ओळख आहे, म्हणून ते मनमोकळं बोलले. जुन्या मालकांच्या गमती सांगितल्या, कुठे काय अडतं ते सांगितलं, चहा पाजला. पुढच्या आठवड्यात कळलं की ती ओळख नव्हती, चाळणी होती, आणि भाऊजी खाली पडले होते.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, हात-पाय धुतले आणि ताईला म्हणाले, "नोकरी गेली. काळजी करू नकोस, लागेल दुसरी." ते खरंच काळजीत नव्हते. एवढा अनुभव गाठीशी, एवढ्या ओळखी! लोक हात पुढे करून नेतील, असंच त्यांना वाटत होतं. आम्हालाही.

पहिल्यांदा ओळखी आटल्या. फोनवर "वा वा, बघतो ना" म्हणणारे पुन्हा फोन उचलेनात. मग भाऊजी स्वतःच अर्ज करू लागले आणि मुलाखती सुरू झाल्या. सुरुवातीच्या मुलाखतींचे किस्से ते दुकानात येऊन रंगवून सांगायचे. एका ठिकाणी बूट-मोजे न घालता नुसत्या सपाता घातलेला एक तरुण साहेब त्यांना म्हणाला, "आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. तुम्हाला जमेल?"

"जमेल की."

"मग मला मारून बघा."

भाऊजींनी हाक मारली. बाहेरच्या हॉलमधली माणसं उठून उभी राहिली म्हणे.

दुसऱ्या एका ठिकाणी पाच-सहा अनोळखी उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवलं, पुढ्यात शीतपेयाच्या नळ्या आणि चिकटपट्टी ठेवली आणि सांगितलं, मनोरा बांधा. मागे दोघं जण न बोलता टिपणं घेत उभे. भाऊजींनी सवयीनं कामं वाटून दिली आणि त्यांच्या टेबलाचा मनोरा सगळ्यांत उंच झाला. नोकरी मिळाली नाही. कारण कळलं: इतरांना बोलू देत नाहीत. पुढे असाच मनोरा दुसऱ्या कंपनीत बांधायचा होता. तिथे हे तोंडाला कुलूप लावून बसले, बाकीच्यांनी घातलेला गोंधळ बघत राहिले आणि मनोरा आडवा झाला. तिथलं कारण: पुढाकार घेत नाहीत.

हे सांगताना ते हसायचे. मीही हसायचो. पण हसण्याचे दिवस फार टिकले नाहीत.

कुणीतरी त्यांना एका एजन्सीचा पत्ता दिला. कंपन्यांना माणसं शोधून द्यायचं काम. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. खालून सतत वाफेचा वास यायचा. एजन्सी चालवणाऱ्या बाई मध्यम वयाच्या, कापलेले केस, टेबलावर दोन फोन, बोलणं मृदू. त्यांनी भाऊजींशी बराच वेळ बोलून घेतलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला पाठवायला मला काहीच अडचण नाही."

आणि खरोखरच बोलावणी येऊ लागली. साध्यासुध्या कंपन्यांची नव्हे, चांगल्या बड्या कंपन्यांची. आधीच्या सगळ्या फेऱ्या बाईच उरकायच्या. भाऊजी थेट शेवटच्या मुलाखतीला, शेवटच्या तिघांत. घरात पुन्हा जीव आला. ताई आदल्या दिवशी कोट उन्हात टाकायची. भाची कॉलेजात होती. ती जेवणाच्या टेबलापलीकडे बसून साहेबीण व्हायची आणि भुवया उंचावून विचारायची, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" भाऊजी म्हणायचे, "याच टेबलावर, तुझ्या लग्नाचा हिशेब करत." ती ओरडायची, "बाबा, नीट सांगा ना!"

मुलाखत छान व्हायची. परत येताना ते ताईला फोन करायचे, "या वेळी वाटतंय बरं का." मग काही दिवस फोनकडे सगळ्यांचे कान. आणि मग बाईंचा मृदू आवाज, "सर, अगदी थोडक्यात हुकलं."

पहिल्यांदा झालं तेव्हा ताई म्हणाली, होतं असं. दुसऱ्यांदाही म्हणाली. मग तिनं म्हणायचं सोडून दिलं.

भाऊजींचा स्वभाव असा की काम चुकलं तर कुठे चुकलं ते सापडल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. ते बाईंना विचारू लागले. माझं काय चुकलं? मनमोकळं सांगा, मला राग येणार नाही. बाई जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही जरा आक्रमक वाटलात, सर." झालं. भाऊजींनी आवाज उतरवायला घेतला. घरात हळू बोलण्याचा सराव चालू झाला. पुढच्या वेळी बाई म्हणाल्या, "थोडे मवाळ वाटलात." मग परत चढवला, पण तो पूर्वीसारखा चढेना, मधेच कुठेतरी फाटायचा. एकदा कळलं की ते बोलताना हात फार हलवतात. तेव्हापासून ते जेवतानासुद्धा डावा हात मांडीखाली दाबून बसू लागले. एकदा कळलं की उत्तरं लांबतात. मग आम्ही काही विचारलं तरी हो, नाही, बघू.

आणि एकदा कळलं की मिशीमुळे माणूस जुन्या वळणाचा वाटतो.

भाची कॉलेजातून आली, दारात तिनं बापाकडे पाहिलं आणि पहिल्यांदा फिसकन हसली. मग तिचा चेहरा बदलला आणि ती आत निघून गेली. त्या दिवसानंतर टेबलावरची खोटी मुलाखत बंद पडली. "मामा, ते माझ्याशीसुद्धा मुलाखतीतल्यासारखंच बोलतात आता," ती मला म्हणाली. "मी विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर आधी माझ्याकडे बघून हसले, मग म्हणाले, चांगला प्रश्न आहे."

मी तिला हसवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मी त्यांचा जवळचा, पण मलाही तेव्हा मनातून वाटायचं की काहीतरी असणार. एवढ्या ठिकाणी शेवटच्या तिघांत जातो आणि दर वेळी हाच बाहेर पडतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. भाऊजींनाही तेच वाटत होतं. आरशासमोर उभे राहून ते स्वतःकडे असे बघायचे, की जणू गोदामात परत आलेला माल तपासतायत. कुठे चीर आहे? कुठे पोचा आहे? सापडत नव्हता, म्हणून आणखी बारकाईनं बघायचे.

मग पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत त्यांना बोलावलं. जागा त्यांच्याच कामाची, भांडार विभागाचा प्रमुख. ते वेळेआधी पोचले. रिसेप्शनवरच्या मुलीनं त्यांना आतल्या पॅसेजमध्ये खुर्ची दिली. समोर एका केबिनच्या दाराला एक सुतार भोकं पाडत होता. भाऊजींच्या कोटावर लाकडाचा भुसा उडाला तेव्हा तो ओशाळला आणि म्हणाला, "माफ करा साहेब. आजच लावून पाहिजे म्हणालेत."

"चालू दे. नवीन साहेब येतायत वाटतं?"

"हो ना. सोमवारी."

सुतारानं पाटी उचलून दारावर धरली आणि सरळ आहे का ते भाऊजींनाच विचारलं. पाटीवर कुणाचं तरी नाव होतं. नावाखाली लिहिलं होतं: प्रमुख, भांडार विभाग.

भाऊजींनी ते वाचलं. परत वाचलं. मग म्हणाले, "डावीकडे किंचित वर घे."

इतक्यात त्यांना आत बोलावलं. पुढे मी त्यांना विचारलं, "तुम्ही तिथूनच का नाही परत फिरलात?" ते म्हणाले, "पाय आत गेले." लांबलचक टेबलापलीकडे तिघं बसले होते. त्यांनी अनुभव विचारला, यांनी सांगितला. तुमचा एक दोष सांगा म्हणाले, यांनी सांगितला. एक जण मन लावून लिहून घेत होता. शेवटी मधल्यानं हसून विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

पाटीचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं, "निकाल कधीपर्यंत कळेल?"

"आठवड्याभरात कळवू," तो म्हणाला. आणि भाऊजींनी त्याचे आभार मानले.

तिथून ते थेट एजन्सीत गेले. बाई फोनवर होत्या. यांचा चेहरा बघून त्यांनी फोन ठेवला.

"बसा, सर."

"उभाच बरा आहे. मला एक खरं सांगा. मला कुठेतरी घेणार होते का?"

बाईंनी पाण्याचा पेला यांच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "एकदा. अगदी पहिल्या कंपनीत मी खरंच तुमच्यासाठी भांडले होते. त्यांनी तुमचं वय बघितलं, मधे रिकामे गेलेले महिने बघितले आणि नको म्हणाले. पण वर असंही म्हणाले की माणूस छान होता, असा एक दर वेळी पाठवत जा."

"कशाला?"

"मोठ्या कंपन्यांत नियम असतो. जागा भरायची तर निदान तिघांना भेटलं पाहिजे. त्यांचा माणूस आधीच ठरलेला असतो. कुणाचा जुना सहकारी, कुणाच्या ओळखीतला. उरलेले दोघं मी द्यायचे. अगदीच कसेतरी दिले, तर वरचे विचारतात, ही काय थट्टा चालवलीय? तुम्ही समोर बसलात की मुलाखत झाल्यासारखी वाटते. सगळ्यांचं समाधान होतं. आणि शेवटी नको म्हणायला कारण हाताशी असतं."

"कोणतं कारण?"

"वय, सर. दुसरं काहीच नाही. पण ते कुणी बोलत नाही, मग मला काहीतरी बोलावं लागतं."

"म्हणजे माझा आवाज? हात हलवणं?"

"तुम्ही दर वेळी विचारायचात. एवढं कुणी विचारत नाही हो. मी आपलं तोंडाला येईल ते सांगत गेले."

"मी मिशी काढली, बाई."

"बघितलं मी," त्या म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या.

भाऊजी निघाले. जिन्यावर असताना बाई मागून आल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे भाऊजी आजही मानतात. त्या म्हणाल्या, "सर, मी आता उघडच विचारते. तुम्हाला चालत असेल तर असंच जात राहा. दर खेपेचा जाण्यायेण्याचा खर्च आणि वर काहीतरी मी देईन. फुकट नको." भाऊजी खाली उतरले.

पण काही आठवड्यांनी तोच जिना ते पुन्हा चढले. भाचीचं शेवटचं वर्ष होतं. ताई दवाखान्यात दुसऱ्यांच्याही पाळ्या करत होती. घरी आल्यावर तिची बोटं इतकी दुखायची की बरणीचं झाकणही तिला उघडता यायचं नाही. भाऊजींनी बाईंना एवढंच सांगितलं, "फक्त माझं काय चुकलं ते आता सांगू नका."

घरी सांगितलं, सल्लागाराचं काम मिळालंय, कंपन्यांत जाऊन बसावं लागतं. तसं पाहिलं तर यात खोटं काय होतं? ताईनं फार खोलात विचारलं नाही. मला वाटतं, तिला विचारायचंच नव्हतं. कोटाचं अस्तर सुटलं होतं, ते तिनं बसून शिवून दिलं.

आता गंमत अशी झाली की भाऊजी मुलाखती फर्मास देऊ लागले. मिळायचं काही नाही म्हटल्यावर भीती कसली? समोरचे हसायचे, पुढे सरकून ऐकायचे. एका ठिकाणी मुख्य साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला आले, हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला." भाऊजी बसमध्ये बसले आणि उतरेपर्यंत त्यांना वाटत राहिलं की या वेळी खरंच घेतील. "सगळं माहीत असून," ते मला म्हणाले. "बस थांबल्यावर मला माझीच लाज वाटली."

असं किती काळ चाललं असतं, सांगता येत नाही. ते संपलं एका बाईमुळे.

एका कंपनीत तिघांना बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. त्यातला एक उशिरा आला, रिसेप्शनवरच्या मुलीशी हसून बोलला, कॉफीचं मशिन कुठे आहे ते कुणालाही न विचारता उठून गेला आणि कप भरून घेऊन आला. भाऊजींनी ओळखलं, ठरलेला माणूस हा. दुसऱ्या खुर्चीत ते स्वतः. आणि तिसऱ्या खुर्चीत चाळिशी ओलांडलेली एक बाई. अंगातलं जाकीट उसनं असावं, खांद्यावर उतरत होतं. ओठ हलत होते. ती उत्तरं घोकत होती.

ठरलेल्या माणसाला आत बोलावलं, तशी ती यांच्याकडे वळली. "तुम्ही जाणकार दिसता, म्हणून विचारते. मधल्या वर्षांबद्दल विचारलं तर काय सांगायचं हो? सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं करायला नोकरी सोडली होती. खरं सांगितलं तर चालतं का?"

भाऊजी म्हणाले, "कुणी पाठवलं तुम्हाला?"

तिनं बाईंच्या एजन्सीचं नाव घेतलं. "फार चांगल्या आहेत. दर वेळी शेवटच्या तिघांत जाते मी, पण थोडक्यात हुकतं. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं, तुम्ही हसत नाही. म्हणून आता घरी आरशासमोर सवय करते." आणि तिनं ते हसून दाखवलं.

भाऊजी मला सांगत होते, "ते हसू बघितलं. मला गप्प बसता येईना रे."

त्यांनी खालच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. जागा भरलेली आहे, आत गेलाय तोच माणूस घेणार, आपण दोघं फक्त संख्येसाठी. तुमच्यात काही कमी नाही, ते हसणंबिसणं सोडून द्या.

ती ऐकत होती, तसा तिचा चेहरा घट्ट होत गेला. "तुम्हीही याच जागेसाठी आलाय ना?"

"हो, पण मी..."

"मग मी उठून जावं, असं वाटतंय तुम्हाला."

"अहो, तसं नाही. मला याचे पैसे मिळतात."

हे बोलायला नको होतं. तिनं पर्स उचलून छातीशी धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "शोभतं का तुम्हाला या वयात? मी इतकी तयारी करून आले आणि तुम्ही मला घाबरवताय?" रिसेप्शनवरची मुलगी उठून उभी राहिली. तेवढ्यात तिचा नंबर आला. आत गेल्यावर तिनं पहिली तक्रार यांचीच केली असणार, कारण थोड्याच वेळात एक जण बाहेर आला आणि त्यानं भाऊजींना, अगदी सभ्यपणे, जायला सांगितलं.

ते बसथांब्यावर पोचायच्या आत एजन्सीच्या बाईंचा फोन. आवाज नेहमीसारखा मृदू नव्हता. "काय केलंत हे? एवढी मोठी कंपनी गेली माझ्या हातची!"

"त्या बाईंना तरी खरं सांगा."

"त्यांचं मी बघेन. तुम्ही आता इकडे येऊ नका. आणि दुसरीकडे कुठे जाल, तर तिथेही हे पोचलेलं असेल. आमच्या धंद्यात बातमी लपत नाही."

त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर भाऊजींना कुठूनही बोलावणं आलं नाही. नको म्हणण्यासाठीसुद्धा नाही. त्या जाकीटवाल्या बाईंचं पुढे काय झालं, ते आम्हाला कळलं नाही.

त्याच दुपारी ते माझ्या दुकानात आले. मी एका चष्म्याचा स्क्रू बसवत होतो. ते बाकावर बसले आणि पाटीपासून शेवटच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं, मान खाली घालून, एकसुरी आवाजात. मी म्हणालो, "भाऊजी, ताईला सांगा. आजच सांगा." ते म्हणाले, "तू चल बरोबर."

मी गेलो. ताई नुकतीच घरी आली होती, पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर त्या एजन्सीवालीला शिव्या घालेल. तिनं पाय स्टुलावरून खाली घेतले. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्यात काहीच खोट नव्हती."

"वय होतं."

"वय म्हणजे काय खोट आहे?" ती ओरडली. मग तिचा आवाज बसला. "अहो, मला आधी का नाही सांगितलंत? मी इतके महिने मनातल्या मनात तुम्हालाच बोल लावत होते. सुया टोचता टोचता मला वाटायचं, हा माणूस तिथे जाऊन काहीतरी भलतंच बोलत असणार. नाहीतर दर वेळी कसं काय जातं? मला तुमचा राग यायचा. तुम्ही जेवायला बसलात की राग यायचा."

भाऊजी म्हणाले, "मला दिसायचं ते."

"दिसायचं आणि गप्प बसलात?"

भाची दाराशी येऊन उभी होती. ती आली आणि बापाच्या शेजारी बसली, पण दोघांत एक उशी होती आणि ती कुणीच बाजूला केली नाही.

आता भाऊजी कुरिअरच्या एका गोदामात काम करतात. गावाबाहेर पत्र्याची शेड आहे, गाड्यांतून माल उतरतो आणि फिरत्या पट्ट्यावर टाकायचा असतो. तिथे त्यांची मुलाखत झाली ती अशी: मुकादमानं पायाजवळचं एक खोकं दाखवलं आणि म्हणाला, "हे उचला." त्यांनी उचललं. "ठेवा. उद्या या." बस्स. त्यांची पाठ आता धरते. खांदे थोडे पुढे आलेत. मिशी त्यांनी परत वाढवली नाही. आवाज तर ताई म्हणते, शेजारच्या खोलीतूनही येत नाही, ते घरात आहेत की नाहीत ते जाऊन बघावं लागतं.

मागे एकदा ताईला दवाखान्यात अचानक जादा पाळी लागली, म्हणून घराची किल्ली द्यायला मी त्या शेडवर गेलो. सणासुदीच्या खरेदीनं मालाचा ढीग पडला होता आणि फाटकाशी कामासाठी चार-पाच माणसं उभी होती. मुकादम तिशीचा, घाईत, यांना काका म्हणतो. तो म्हणाला, "काका, दोघं हवेत. तुम्हीच बघून घ्या. तुम्हाला माणसातलं कळतं."

भाऊजी नको म्हणाले. मुकादम तोवर दुसरीकडे ओरडत निघून गेला होता.

ते फाटकापाशी गेले. मी मागे होतो. ती माणसं सावरून उभी राहिली. एकानं शर्टाचं बटण लावलं, एकानं छाती पुढे काढली. भाऊजींनी वर बघितलंच नाही. जमिनीकडे बघत त्यांनी सगळ्यांत जवळच्या दोघांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही दोघं, चला."

बाकीचे पांगले. एक मात्र तिथेच उभा राहिला. कानांवरचे केस पिकलेले, हातात डब्याची पिशवी.

"मला का नाही घेतलं, दादा?"

"दोघंच हवे होते."

"ते खरं. पण माझ्यात काय कमी वाटलं? तसं मला ओझं झेपतं."

"काही कमी नाही. मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही हो."

त्याला ते पटलं नाही. तो थोडा वेळ भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, ते आणखी काही सांगतील म्हणून. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर सुधारलं असतं." आणि स्वतःच्या हातांकडे, मग बुटांकडे बघत तो रस्त्यानं निघाला.

भाऊजी फाटकाची सळई धरून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण हाक काही मारली नाही. आत पट्टा सुरू झाल्याचा खडखडाट आला. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली, खिशात टाकली आणि आत गेले.